पांढुर्णा जिल्हा झाला, आता तळी कोणाची?

एरवी मी या पानावर बोटुकली कधी येणार, मिटिंग कधी आहे, कोणाचे कागद अपुरे आहेत एवढंच टाकत असतो. आज जरा लांबलचक लिहितो. जाळं विणत बसला असाल तर ते होऊ द्या, मग वाचा. पण वाचा.

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली निघाल्या आणि आपला वेगळा संसार सुरू झाला. तेव्हापासून चहाच्या टपरीवर एकच विषय. शहर वाढणार, प्लॉट वाढणार, रस्ता रुंद होणार, तळ्याच्या काठी बगीचा होणार, बाकडी लागणार, संध्याकाळी लोक फिरायला येणार. चांगलं आहे, आपलीही लेकरं फिरतील. पण या सगळ्या बोलण्यात मी एक गोष्ट कान देऊन ऐकतो आहे आणि ती मला अजून ऐकू आली नाही. त्या तळ्यात जाळं टाकणाऱ्यांचं काय? नकाशावर तळं निळं रंगवतात. त्या निळ्यावर डोंगा आहे, डोंग्यात माणूस आहे, हे कोणी रंगवत नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या पोरांना वाटतं की पांढुर्णा म्हणजे नागपूरची मागची पडवी. दवाखाना नागपूर, कॉलेज नागपूर, लग्नाचा बस्ता नागपूर, मासोळीचा व्यापारीही नागपूरचा. खरं पाहिलं तर गोष्ट उलटी आहे. नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदनं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. देवगड कुठं आहे? आपल्याच या सातपुड्यात, मोहखेडकडं, छिंदवाडा जिल्ह्यात. म्हणजे नागपूरचं बी आपल्या डोंगरातून गेलेलं आहे. त्याचा पोरगा चांद सुलतान. त्यानं राजधानी तिकडं नेल्यावर काय केलं? शहराला भिंत बांधली आणि नाग नदीचं पाणी अडवून तलाव केला. तोच जुम्मा तलाव, आजचा गांधीसागर. राजा होता तरी त्याला कळत होतं की शहर करायचं तर आधी पाणी बांधावं लागतं.

पुढं भोसले आले. १८५३ ला तिसरे रघुजी वारसाविना गेले आणि इंग्रजांनी राज्य गिळलं. मग मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. छिंदवाडा जिल्ह्याची सौंसर ही जुनी तहसील, पांढुर्णा तिच्यातच होतं. घाटाच्या वर हिंदी-गोंडी मुलूख आणि घाटाच्या खाली आपला मराठी पट्टा. कापूस, ज्वारी, नंतर संत्रा. पोळा, तान्हा पोळा, झुणका-भाकर, सगळं सावनेर-काटोलसारखंच.

मग आला १ नोव्हेंबर १९५६. राज्यं भाषेवर पाडली. त्याआधी नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती, हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण राहिलो इकडं. सावनेर तिकडं, सौंसर इकडं. मधून एक रेघ गेली. मामा महाराष्ट्रात, भाचा मध्य प्रदेशात. कन्हान नदीला मात्र कोणी विचारलं नाही. ती रामाकोन्याजवळून वाहते आणि बिनपरवाना हद्द ओलांडते. मासोळ्याही ओलांडतात.

त्याचा परिणाम आपल्या धंद्यावर काय झाला ते पहा. घरात मराठी बोलतो, अर्ज हिंदीत लिहितो. तिकडं ‘संस्था’ म्हणतात, इकडं ‘समिती’. तिकडं तलाव ‘ठेक्यानं’ घेतात, इकडं ‘पट्ट्यानं’. नागपूर जिल्ह्यातले आपले सोयरे मोबाईलवर एखादी योजना पाठवतात, आपण खुश होतो, मग कळतं की ती महाराष्ट्र सरकारची आहे. आणि भोपाळमध्ये जे निघतं ते आपल्यापर्यंत येता येता पावसाळा निघून जातो. सत्तर वर्षांच्या आसपास आपण असे उंबरठ्यावर बसलो आहोत. घरातही नाही, अंगणातही नाही.

म्हणून जिल्हा झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, हे स्पष्ट लिहितो. पांढुर्ण्याच्या माणसाला एका सहीसाठी छिंदवाड्याला जायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर. सकाळची बस धरायची, दुपारी साहेब जेवायला गेलेले, संध्याकाळी ‘उद्या या’. दिवसाची मजुरी बुडाली, भाडं गेलं. मागं एका कार्यालयात समितीच्या एका कागदासाठी मी पाच चकरा मारल्या. पाचव्या चकरेला कळलं की तो कागद तिथं लागतच नव्हता. आता ते दुःख निदान पांढुर्ण्याच्या लोकांपुरतं कमी व्हावं.

सौंसरकडचे भाऊ मात्र यावर चिडतात, आणि त्यांचंही खोटं नाही. त्यांना छिंदवाडा काही फार लांब नव्हतं आणि रेल्वेही सरळ होती. छोटी गाडी २०१५ ला बंद झाली, मग मोठी लाईन आली. पण ती लाईन नागपूर-छिंदवाडा. पांढुर्णा आहे नागपूर-इटारसी लाईनवर. म्हणजे सौंसरच्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वेनं जायचं असेल तर आधी नागपूरला उतरावं लागेल, दुसऱ्या राज्यात! बसनं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे, तेच बरं. एका जिल्ह्याची दोन शहरं आणि दोघांची तोंडं नागपूरकडं, एकमेकांकडं पाठ, असा हा प्रकार आहे.

या दोन शहरांचं आजचं जगणं पाहिलं तर दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. सौंसरला बोरगावचं औद्योगिक क्षेत्र आहे, रेमंडची मिल आहे, आसपास मँगनीजच्या खाणी आहेत, जामसावळीच्या झोपलेल्या मारुतीला मंगळवार-शनिवार गर्दी असते. आपले कित्येक पोरं बोरगावला शिफ्टमध्ये जातात. महिन्याला ठरलेला पगार मिळतो, त्याला कोण नाही म्हणेल? जाळं खांद्यावर घ्यायला मागत नाहीत. पांढुर्णा मात्र बाजाराचं गाव. १९२० च्या दशकात नागपूर-इटारसी रेल्वे झाली तिनं गावाला हात दिला. कापूस, जिनिंग, मग संत्रा. मृग बहाराचा, आंबिया बहाराचा माल ट्रकांनी दिल्लीकडं, बांगलादेशाकडं जातो. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती ४५ हजारांच्या घरात होती, आज ती किती वाढली ते नव्या गल्ल्या पाहूनच कळतं.

संत्र्यानं या भागाला पैसा दिला, यात वाद नाही. पण संत्र्याला पाणी लागतं, आणि बागायतदार भाऊ रागावले तरी चालतील, मी लिहितो: बोअरची खोली दरवर्षी वाढते आणि नदीची धार दरवर्षी लवकर तुटते. पूर्वी आपली म्हातारी माणसं नदीच्या रेतीत डांगरवाडी लावायची. होळीपासून पुढं डांगर, खरबूज, काकड्या. ढिवर-भोयांचा उन्हाळा त्यावरच निघायचा. मासोळी कमी झाली तर डांगर, डांगर संपलं तर शिंगाडा. आज ओलावाच राहत नाही तर वाडी कशावर लावायची? आणि रेती तरी कुठं राहिली आहे म्हणा.

जाम नदीचंच पहा. साऱ्या देशाला पांढुर्णा माहीत आहे ते गोटमारीमुळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगड. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवून नेली आणि नदीतच दोघं सापडले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदी लावून पाहिली, लोक ऐकत नाहीत. टीव्हीवाले येतात, ड्रोन उडतात, अँब्युलन्स उभ्या राहतात. गोटमारीवर मला इथं मत द्यायचं नाही, चंडीमातेच्या श्रद्धेचा विषय आहे आणि घराघरात दोन मतं आहेत. माझं म्हणणं एवढंच की ज्या नदीसाठी एक दिवस आपण रक्त सांडतो, तिच्याकडं बाकीचे ३६४ दिवस आपण काय सोडतो? नाली सोडतो. जनावर धुतलेलं पाणी, प्लास्टिक, गणपतीचं निर्माल्य आणि घराघरातला मैला सोडतो. तिथं मासोळी कशी राहील? नाल्याच्या पाण्यात तग धरते ती टिलापिया, आणि तीही खायला नको वाटते.

कोणी म्हणेल, सेक्रेटरी साहेब, एवढ्याशा गावाच्या नालीनं काय होतं? त्याला माझं उत्तर नागपूर आहे. नाग नदीला नागपूरनं नाली केलं. ती नाग नदी पुढं कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं पाणी गोसेखुर्दच्या धरणात जाऊन थांबतं. भंडाऱ्याकडचे ढिवर भाऊ कित्येक वर्षांपासून ओरडतात की पाणी काळं आलं, मासोळी कमी झाली, अंगाला खाज सुटते. घाण करणारं शहर वर, भोगणारा मच्छीमार खाली. वर २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा राख कोलारमधून कन्हानपर्यंत गेली. आता हे ध्यानात घ्या की ही तीच कन्हान आहे जी आपल्या रामाकोन्याजवळून निघते तेव्हा स्वच्छ असते. नागपूर तिचंच पाणी पितं. एक नदी, वर आपण आणि खाली ते. नाग नदी साफ करायला आता शेकडो कोटींचे आकडे निघतात. पांढुर्णा आणि सौंसर अजून लहान आहेत. नाली वेगळी काढून पाणी साफ करून सोडायचं काम आज थोडक्या पैशात होईल. वस्ती दुप्पट झाल्यावर होणार नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता तळ्यांकडं येतो, कारण आपलं पोट तिथं आहे.

नदी गेली म्हणून आपण तळ्यावर आलो. तळ्यातला रोहू, कतला, मृगल हा आपला आजचा आधार. हे मासे साचलेल्या पाण्यात आपोआप वीण देत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. पूर्वी नदीतून जिरे गोळा करून आणायचे. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला हीरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवून दाखवली, तेव्हापासून हॅचरीचं बी मिळायला लागलं. १० जुलैला मत्स्य शेतकरी दिवस करतात तो त्यासाठीच. मोठ्या माणसाचं मोठं काम. पण त्याचा अर्थ असाही झाला की आपला धंदा आता दुसऱ्याच्या बियांवर आणि सरकारच्या कागदावर उभा आहे. बी वेळेवर नाही आलं तर वर्ष गेलं. पट्टा नाही मिळाला तर दहा वर्षं गेली.

पट्टा म्हणजे काय हे सभासदांना सांगायची गरज नाही, पण नव्या पोरांसाठी लिहितो. आपल्या राज्याच्या २००८ च्या मत्स्य धोरणाप्रमाणे तळं दहा वर्षांच्या पट्ट्यावर मिळतं, लहान तळं ग्रामपंचायतीकडून, त्याहून मोठं जनपदकडून, आणखी मोठं जिल्हा पंचायतीकडून. वंशपरंपरेनं मासे धरणाऱ्यांना, त्यांच्या समितीला प्राधान्य आहे. हे प्राधान्य कोणी दान म्हणून दिलेलं नाही. ज्यांच्या हातून नदी गेली, रेती गेली, त्यांना निदान तळं राहावं म्हणून आहे.

आता शहर वाढतं तेव्हा काय होतं? आज जे गाव पंचायतीत आहे ते उद्या नगरपालिकेच्या हद्दीत जाऊ शकतं. पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा नारायणवार, पाचही ठिकाणी वस्ती बाहेर सरकते आहे. पंचायतीचं तळं शहरात गेलं की पट्ट्याचं दप्तर दुसऱ्या टेबलावर जातं. दुसऱ्या टेबलाला तळं म्हणजे मासोळी वाटत नाही, सौंदर्यीकरण वाटतं. काठाला दगड बसवले की उथळ पाणी गेलं, गवत गेलं, मरळ-शिंगीची पिल्लं लपायची जागा गेली. रंगीत कारंजं लावलं की जाळं ओढता येत नाही. पॅडलवाली बदकाची बोट आली की तिचा ठेका ज्याला, तो आपल्या डोंग्याला ‘हटाओ’ म्हणतो. डोंगेवाल्यांनी हे नीट ऐकावं: मनोरंजनाची बोट चालवायचीच असेल तर पाण्यावर जन्म काढलेल्या माणसाला तो ठेका आधी मिळायला हवा. आपल्याइतकं त्या पाण्याची खोली कोणाला माहीत आहे? पोहणारा बुडाला की पोलिस आपल्यालाच बोलावतात, तेव्हा बरी आठवण येते.

मी सुधारणेच्या विरोधात नाही. बगीचा करा, दिवे लावा. पण आराखडा काढताना जाळं ओढायला एक काठ मोकळा ठेवा, डोंगा लावायला घाट ठेवा, माल उतरवायला रस्ता ठेवा, आणि कागदावर समितीचं नाव ठेवा. याला फार पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट बाजाराची. यात दोष थोडा आपला पण आहे, आणि नागपूरच्या व्यापाऱ्याला शिव्या देऊन भागणार नाही. आपण काय करतो? तळ्याच्या काठावरच सगळा माल एका व्यापाऱ्याला मोजून देतो, कारण जाळ्यासाठी, बियांसाठी उचल त्याच्याकडूनच घेतलेली असते. तो माल नागपूरला जातो. आणि आपल्या पांढुर्ण्याच्या बाजारात काय येतं? आंध्राची मासोळी, थर्माकोलच्या डब्यात, बर्फात, आठवड्याचा प्रवास केलेली. ती नागपूरच्या रस्त्यानं इकडं येते आणि आपली ताजी त्याच रस्त्यानं तिकडं जाते. दोन गाड्या रस्त्यात एकमेकींना भेटतही असतील! गावातलं गिऱ्हाईक बर्फाची मासोळी खातं आणि म्हणतं, पूर्वीची चव राहिली नाही बाप्पा. कशी राहील?

नवा जिल्हा म्हणजे नवी नोकरदार माणसं. कलेक्टर ऑफिस, पोलिस, शिक्षक, बँकवाले. हे पगारी गिऱ्हाईक आहे, ताज्या मालाला दोन पैसे जास्त देणारं. ते आपल्या दारात आलं आहे. त्याला मासोळी विकायला आपल्या बायका बसतात कुठं? रस्त्याच्या कडेला, घमेल्यापुढं, खाली पोतं, वर ऊन, शेजारी नाली, आणि कोणी हाकललं की टोपली उचलून पळायचं. पोळी-भाकरी वेळेवर करून, पोरं शाळेत धाडून ती काकू तिथं सहा तास बसते, तिला लघवीला जायची सोय नाही. हे कोणत्या शहराला शोभतं? ओटा, छप्पर, पाण्याचा नळ, कचऱ्याची सोय आणि शौचालय, एवढं मासळी बाजाराला द्या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून आहे, बाजार, बर्फ, वाहन यासाठी तिच्यात तरतूद आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के अनुदान आहे. मागणाऱ्याला मिळतं, न मागणाऱ्याच्या नावावर दुसरा घेतो.

आणि उचल तोडायची असेल तर किसान क्रेडिट कार्ड आहे, ते मच्छीमारालाही मिळतं. व्यापाऱ्याच्या उचलीपेक्षा बँकेचं व्याज कितीतरी स्वस्त. मला माहीत आहे, बँकेत गेलं की ‘जमिनीचा कागद आणा’ म्हणतात. आपल्याकडं जमीन नाही, पट्टा आहे. म्हणूनच पट्ट्याचा कागद नीट, मुदतीत, समितीच्या नावानं असला पाहिजे. सगळं फिरून पुन्हा तिथंच येतं.

१६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत नदीत आणि नदीला जोडलेल्या पाण्यात जाळं बंद असतं, हे आपण पाळतो. काही जण पाळत नाहीत, त्यांची नावं मला माहीत आहेत, इथं लिहीत नाही. गाभोळीची मासोळी मारून आपण कोणत्या तोंडानं सरकारला नदी वाचवा म्हणायचं? या दोन महिन्यांत हात रिकामे असतात, तेव्हा हे कागदाचं काम करून टाकू.

तर काम असं आहे. प्रत्येक समितीनं आपलं तळं कोणाच्या दप्तरी आहे, पट्टा कोणत्या तारखेला संपतो आणि ते तळं शहराच्या वाढीच्या नकाशात येतं का, हे लिहून आणायचं. नकाशाची प्रत मागायचा आपल्याला हक्क आहे, देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू, त्याचा नमुना माझ्याकडं आहे. सौंसरकडच्या समित्यांनी वेगळं निवेदन काढू नये, एकच काढू. बाजारात बसणाऱ्या ताई-काकूंनी स्वतः यायचं, नवऱ्याला पाठवायचं नाही, कारण ओट्याचं बोलणं त्यांनाच नीट करता येईल. मंगळवारी जनसुनवाई असते. सकाळी दहाला कलेक्टर ऑफिसच्या गेटवर जमायचं, पट्ट्याची झेरॉक्स, आधार आणि समितीचा शिक्का सोबत. डोंगेवाल्यांनी डोंग्याचा फोटो पण आणावा, पाण्यात उभा असलेला, मागं तळं दिसेल असा.